खाटेवरचा ताल

अयूब होडेकर शांत बसलेला रत्नागिरीच्या राजिवड्यात कुणी पाहिला नव्हता. नमाजेला उभा राहिला तर काय ते हात स्थिर. एरवी समोर टेबल असो, रिक्षाचा दांडा असो, नाहीतर जेवणाचं ताट, बोटं चालूच. साखरपुड्याला सासरवाडीत सरबताचा पेला वाजवत बसला, तेव्हा अजराच्या मामाने हळूच चौकशी केली होती की मुलाला फिट-बीट तर येत नाही ना. अजरा दाराआडून हसली होती. पुढे सगळा संसार ती त्या वाजवण्यावर वैतागली. ताटांना पोचे पाडले, पेल्यांना पोचे पाडले, तूबाच्या पाळण्याचा दांडासुद्धा सोडला नाही. आणि आता घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिजची मोटर थांबली तरी ती दचकायची.

अयूबला जाऊन दोन महिने झाले होते. अजरा इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही आणि परक्या पुरुषासमोर येणं नाही. म्हणून त्या दुपारी अयूबचा वाजवण्यातला सोबती वरद केळकर आला तो बाहेरच्या खोलीत बसला, अजरा पडद्यामागे आतल्या खोलीत, आणि तिची मुलगी तूबा दोघांच्या मधे उंबऱ्यावर. वरदने एक स्पीकर आणला होता. त्यांच्या बँडमधल्या तिघांचा जॅझचा नवा अल्बम तयार झाला होता. पियानो वरदचा, उभा बास मनस्विनीचा आणि ठेका अयूबचा. शुक्रवारी तो सगळीकडे ऐकायला मिळणार होता.

"भाभी, तू आधी ऐक," वरद पडद्याकडे बघून म्हणाला. "तू हो म्हणालीस तरच बाहेर काढायचा. नाही म्हणालीस तर राहिलं."

अजराच्या दिराने आदल्याच दिवशी बजावलं होतं, की मयताच्या घरी बाजा कसला वाजवताय, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतील हे तिने आयुष्यभर पुरेसं ऐकलं होतं. ती म्हणाली, "लाव. ऐकू दे मला."

अयूब पेशाने मेकॅनिक. बर्फाच्या कारखान्यातले कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा. तरुणपणी बहारीनला एसीच्या कामावर गेला, तिथे एका हॉटेलात ड्रमवाला आजारी पडला म्हणून एका संध्याकाळी बसला आणि चार वर्षं उठला नाही. पैसे एसीचे पाठवायचा आणि घरच्यांना वाटायचं, पोरगा ओव्हरटाइम करतोय. परत आला तेव्हा सामानात सोन्याऐवजी झांजांची जोडी निघाली. अजराच्या सासूने कपाळावर हात मारून घेतला. आजोबा त्याचे लग्नांत दफ वाजवायचे, ते चालत होतं. हे विलायती बडवणं कुणाला चालेना. त्याने कुणाशी वाद घातला नाही. मिरजोळ्याच्या कारखान्यात दिवसभर पाना फिरवायचा आणि रविवारी तिथल्याच एका रिकाम्या शेडमध्ये जाऊन बडवून घ्यायचा.

वरद त्याला तिथेच भेटला. शेजारच्या कंपनीत इंजिनिअर, घरी पियानो, आणि ऐकायला रत्नागिरीत कुणी नाही. बिघडलेल्या कॉम्प्रेसरवर पाना आपटून दोष शोधणारा अयूब त्याने ऐकला आणि त्याच रविवारी शेडमध्ये हजर झाला. पुढे मनस्विनी आली. ती कॉलेजात शिकवायची आणि तिच्याहून उंच वाद्य टेम्पोत घालून आणायची. तिघांना ऐकायला कधी वीस माणसं आली तर अयूब घरी येऊन सांगायचा, "आज काय गर्दी होती!"

मग घसा बसला. सगळे म्हणाले, सर्दी. सर्दी कसली, कॅन्सर निघाला. मुंबईला स्वरयंत्र काढलं, विजेचे शेक दिले, आणि त्या शेकांनी तोंडातली लाळच आटली. बोलणं गेलं ते गेलंच, वर तहान मागे लागली. पाणी चमच्याचमच्याने द्यायचं, घोट घोट, नाहीतर घशातच अडायचं. मशिदीच्या जमातीने आजाऱ्यांसाठी ठेवलेली लोखंडी खाट आणून बाहेरच्या खोलीत टाकली आणि अयूबने पहिल्याच दिवशी खुणेने आपली ड्रमची स्टिक मागितली.

आता त्याची जीभ म्हणजे ती स्टिक. खाटेच्या दांडीवर दोन ठोके म्हणजे 'ये'. दांडीवर घासलं की कूस बदलायची. उशाच्या स्टीलच्या पेल्यावर ठोका पडला की पाणी. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, दोघांत आपसूक झालं होतं. पण सरळ हाक मारणं त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं, ते आता कुठून जमणार? अजराला यायला उशीर झाला की दुसरा कुणी असता तर त्याने धडाधडा बडवलं असतं. हा पेल्यावरून दांडीवर जायचा, दांडीवरून भिंतीवर, मधेच एक ठोका गाळायचा आणि पुन्हा पेल्यावर यायचा. ती हातातलं टाकून धावत यायची. "पाणी मागताव की वरात काढताव?" म्हणायची. तो आवाज न करता हसायचा.

वरद रविवारी यायचा. तो आला की अजराला दोन तास पाठ टेकायला मिळायची, आठवड्यातली तेवढीच. तो रेकॉर्डर आणायचा आणि अयूब त्याला खाट वाजवून दाखवायचा. दांडी, पेला, पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा. ड्रमसेट नाही की काही नाही. वरद खूश होऊन म्हणायचा, "अयूबभाई, असं कुणी वाजवलेलं नाही." मिरजोळ्याच्या शेडमध्ये त्यावर पियानो आणि बास चढला आणि त्याचाच हा अल्बम.

स्पीकरमधून पहिली चीज सुरू झाली. अजराने भिंतीला पाठ लावली. पियानोतलं तिला फारसं कळत नव्हतं, पण खालून चाललेला तो गोळ्यांचा डबा ती कुठेही ओळखली असती. अर्धा रिकामा होता तेव्हाचा. मधे एकदा अयूबने मुद्दाम तिच्या दिरासारखं खाकरल्याचं सोंग स्टिकने केलं होतं. तूबा खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. अजराही हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिला वाटलं, हो म्हणून टाकावं. एवढं हसतं-खेळतं माणूस कशाला कपाटात कोंडून ठेवायचं?

"आता शेवटचं," वरद म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला. "ह्यात पियानो नाही, बास नाही, नुसता अयूबभाई. नाव 'रविवार' ठेवलंय. मुंबईच्या एका पेपरवाल्याला आधी पाठवलं होतं, त्याने लिहिलंय की हा वादक काहीतरी विचारतो आहे आणि उत्तर येत नाही, असं वादन त्याने आजवर ऐकलं नाही."

पेल्यावर एक ठोका पडला. मग एक. मग दांडीवर दोन, आणि पुन्हा पेल्यावर.

अजरा उठली. आपण का उठलो हे तिला कळलं नाही. माठाकडे गेली, पेला भरला, चमचा घेतला आणि पडद्यापर्यंत आली.

"अम्मी," तूबा म्हणाली, "वरदकाकांना पाणी दिलां मी मगाशीच."

अजरा हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. स्पीकरमध्ये अयूब पेल्यावरून दांडीवर गेला, दांडीवरून भिंतीवर, एक ठोका गाळला आणि पेल्यावर आला. पेला खणखणत होता. भरलेला पेला असा वाजत नाही, बद्द वाजतो. हा रिकामा होता, तळापर्यंत रिकामा. अयूब वाजवत नव्हता. तो तिला बोलवत होता.

ते चालूच राहिलं. ठोके आधी भरभर, मग थकलेले, मग मधे मोठी पोकळी आणि एकच ठोका, हलका, स्टिक हातातून निसटावी तसा. मग पुन्हा पेला. आणि अचानक काही नाही. संपलं.

"शेवट कसा तोडलाय बघ," वरद म्हणाला. "एका दमात, भाभी. मी हललोसुद्धा नाही."

अजरा खाली बसली. पेला तिने जमिनीवर ठेवला, सांडू न देता.

"मी खंय होते तेव्हा?"

"तू झोपली होतीस. फार दमलेली दिसत होतीस म्हणून उठवलं नाही. पंख्याचा आवाज आत येत होता, म्हणून मी मधलं दार लोटून घेतलं."

दार लोटून घेतलं. ती कधीच लोटायची नाही. झोपेतसुद्धा पेल्याचा आवाज यावा म्हणून दाराला ती वीट लावून ठेवायची.

"ते बघत खंय होते? तुझ्याकडे?"

"नाही, दाराकडे. सगळा वेळ दाराकडेच." वरदला ते सांगताना अजूनही नवल वाटत होतं. "एकदा फक्त माझ्याकडे बघून हात हलवला. मी खूण केली, चालू ठेव, मस्त चाललंय."

तूबाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने तोंडावर हात दाबला. बाहेर बसलेल्या माणसाला मात्र अजून काही कळलं नव्हतं, आणि न कळू देणं अजराच्या हातात होतं. तिला त्याचा राग आला, इतका की पडदा ओढून काढावा. तेवढ्यात तिला आठवलं, मुंबईच्या प्रत्येक फेरीला गाडी ह्यानेच चालवली होती. अयूबची ओकारी ह्यानेच पुसली होती. पेल्यावरचा ठोका म्हणजे पाणी, हे तिने त्याला कधी सांगितलं होतं? कुणालाच नाही. नवरा पाणी कसं मागतो हे काय गावभर सांगत फिरायचं असतं? तिला वाटायचं, तेवढं तरी एक दोघांचं राहू दे. आणि त्या दुपारी ती गाढ झोपली होती. मढ्यासारखी.

गप्प राहावं असंच तिने ठरवलं होतं. हो म्हणायचं आणि उठायचं. पण मग शुक्रवारी हे सुरू होणार. कुणीही, कुठेही, बटण दाबलं की अयूब पाणी मागणार, आणि दर वेळी मधेच तोडून टाकलेला, पाण्यावाचून. हे तिच्याने सोसवेना.

"वरद," ती म्हणाली, "त्याच्यानंतर मी आले ना रे? पाणी घेऊन आले. तां खंय आहे?"

"तेव्हा दाराचा आवाज झाला, म्हणून बंद केलं मी."

"मग माझां पाणी नाय त्यात?"

पडद्याखालून अजराला वरदचे पाय दिसत होते. ते स्पीकरपाशी गेले आणि तिथेच थांबले. मग त्याने विचारलं, आणि आवाज त्याचा वाटला नाही, "भाभी, तो पाणी मागत होता?"

"होय."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "मी काढून टाकतो. सगळाच अल्बम काढून टाकतो. मी आता पियानोला हात—"

"गप बस," अजरा म्हणाली. "त्यांनी वाजवलेलां कोण काढून टाकणार? तू? रेकॉर्डर आहे ना तुझ्याकडे? लाव. त्या खाटेच्या डागांपाशी ठेव आणि तू अंगणात जा. मधलां दार मात्र उघडां ठेव."

खाट जमातीने परत नेली होती. आता ती कर्ला गावात दुसऱ्या कुणा आजाऱ्याच्या अंगाखाली होती. बाहेरच्या खोलीत फरशीवर चार पायांचे गंजाचे चार डाग उरले होते. वरदने रेकॉर्डर तिथे ठेवला आणि अंगणात गेला. तूबाने बटण दाबलं.

अजराने पेल्यातलं पाणी माठात ओतलं आणि पेला पुन्हा भरला, पाणी पडताना ऐकू यावं म्हणून. ओढणी सावरली. पडदा सारून ती अनवाणी चालत आली. "आले हां, आले," एवढंच म्हणायचं तिने ठरवलं होतं. ते म्हणाली. उशाच्या दोन डागांमध्ये बसली, पेला ठेवला, चमचा आत घातला. चमचा पेल्याला लागला आणि आवाज बद्द आला. तेव्हा तिला राहवलं नाही.

"झोप लागली हो मला," ती म्हणाली. "झोप लागली होती."

तूबाला बटण बंद करायचं सुचलं नाही. अंगणात वरद दोन्ही हातांनी डोकं धरून पायरीवर बसला होता.

अल्बम शुक्रवारी आला. 'रविवार'च्या शेवटी पाणी पडतं, पावलं येतात आणि एक बाई बोलते. मुंबईच्या त्याच पेपरवाल्याने पुन्हा लिहिलं. अयूब होडेकर यांच्या वादनाला त्याने डोक्यावर घेतलं. शेवटी मात्र हा घरगुती आवाज कशाला घातला ते समजलं नाही, त्याने परिणाम उणावतो, असं त्याचं म्हणणं होतं. वरदने ते वाचलं की नाही कोण जाणे. त्याने पियानोवर चादर टाकली होती आणि मनस्विनीचे फोनही तो उचलत नव्हता.

तूबाने पेपरवाल्याचं ते लिहिणं फोनवर बघून आईला वाचून दाखवलं. अजरा मासे साफ करत होती. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"पण पाणी ठेवलांय ना शेवटी?"

"ठेवलांय."

"मग झालां," ती म्हणाली आणि पुढचा मासा घेतला.