अर्जात नसलेला रकाना

मला आठवीतून काढलं, असं आई कधी म्हणाली नाही. "आम्हीच दाखला घेतला," म्हणायची. खरं तर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावून सांगितलं होतं, "ही एका जागी बसत नाही, दुसऱ्यांनाही बसू देत नाही." तेव्हापासून सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या आमच्या दोन खोल्या हीच माझी शाळा झाली आणि जुनी मॅट्रिक झालेली आई माझी मास्तरीण.

मला बसवतच नसे. पायांत सारखं काहीतरी सळसळायचं. मग आई भाजी निवडता निवडता इतिहास वाचायची आणि मी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत ऐकायचे. खालच्या गुजराती भाभी वर यायच्या. "दिनभर ये ठकठक क्या है?"

"पढाई चालू है, भाभी."

त्यांना ते खोटंच वाटायचं.

दहावीला बाहेरून बसायचं ठरलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्याच सुमारास मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात माझी तपासणी झाली. ठोकळे, कोडी, प्रश्नांवर प्रश्न. शेवटी डॉक्टरांनी एडीएचडी ही चार इंग्रजी अक्षरं कागदावर लिहिली. "ही लबाडी नाही, लक्ष आणि अंग एका जागी न ठरण्याचा विकार आहे," ते म्हणाले. आई बाहेर बाकावर बसून रडली. तेवढ्या वेळात मी कॉरिडॉरमध्ये तीन चकरा मारल्या. त्याची अजून लाज वाटते.

परीक्षेत प्रत्येक पेपरला अर्धा तास जादा मिळावा, अशी शिफारस डॉक्टरांनी केली होती. बोर्डाच्या ऑफिसातल्या क्लार्कने कागद उलटसुलट पाहिला. "सवलत शाळेतल्या मुलांना. मुख्याध्यापकांची सही कुठाय?"

"ती घरी शिकते."

"मग घराचा शिक्का आणा," म्हणून तो स्वतःच हसला.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन त्याच मोठ्या बाईंपुढे उभी राहिली. बाईंनी रिपोर्ट वाचून घडी घातली. "मला वाटायचं, ही मुद्दाम करते."

"मलाही वाटायचं," आई म्हणाली.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे कधी तिला त्याबद्दल विचारलं नाही.

"जादा वेळेसाठी सही देते," बाई म्हणाल्या.

"मला वेळ नकोय," मी बोलून गेले. "आणखी अर्धा तास बसून काय करू? मला उभं राहू द्या."

आईने माझा दंड दाबला. सवलतीच्या अर्जात तसा रकानाच नव्हता. बाईंनी सहीच्या वर हातानेच एक ओळ लिहिली, 'विद्यार्थिनीस उभे राहून लिहिण्याची मुभा असावी,' आणि शिक्का मारला.

परीक्षेच्या चार दिवस आधी पत्र आलं. अर्धा तास मंजूर, उभं राहण्याबद्दल चकार शब्द नाही. आई अर्जाची झेरॉक्स घेऊन परीक्षा केंद्रावर गेली. केंद्रप्रमुख आधी वैतागले. "एक उभी राहिली की मागच्यांना फळ्यावर लिहिलेली वेळ दिसणार नाही." आई जागची हलेना. शेवटी त्यांनी मला एकटीला प्रयोगशाळेत बसवलं. बसवलं कसलं, तिथल्या उंच टेबलाशी उभं केलं.

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत सगळे पेपर लिहिले. गणिताला बेसिनचा गळका नळ बघत माझी किती मिनिटं गेली, कळलंही नाही. नको म्हटलेला अर्धा तास तेव्हा कामी आला.

पास झाले, गणितात अगदी काठावर. आई पेढे घेऊन शेजारी निघाली. मी मात्र कॉलेजचा फॉर्म हातात धरून घरभर फिरत होते. तिथली लेक्चरं किती वेळाची असतात, हे कुणाला विचारावं ते सुचत नव्हतं.