खर्रा न खाणारं स्थळ

मुलगा खर्रा खात नाही, एवढ्यावर मी खूश झालो होतो. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

बहिणीचा नवरा गेल्यापासून भाचीच्या लग्नाचं मीच पाहत होतो. भाची सव्वीस वर्षांची, एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला. उमरेडचं एक स्थळ आलं. आमच्याकडे मुलाच्या घरी जाण्याआधी कोणीतरी त्याच्या गल्लीतल्या पानठेल्यावर जाऊन येतो. बायोडाट्यात काहीही लिहा, ठेल्यावर खरं कळतं. मी एसटीनं गेलो, उगाच एक पान सांगितलं आणि हळूच विषय काढला. ठेलेवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता म्हणाला, "थो? थो तं साधी सुपारीबी नाही खात जी. घरीच राहते, मोबाइलवर गेम खेळत."

झालं! मी परत आलो आणि बहिणीला म्हणालो, "हिरा आहे हिरा. काही व्यसन नाही."

गेम हा शब्द मला ऐकू आला होता, बरं का. पण पोरगा खेळतो म्हणजे बाहेर भटकत नाही, असा मी सोयीचा अर्थ लावला.

भाची खेळायची तेव्हा मात्र माझं डोकं फिरायचं. तोच तो गोळ्या झाडायचा खेळ. चौघांची टोळी, कोणी कोणाला पाहिलेलं नाही, सगळ्यांची नावं खोटी, आणि कानात हेडफोन घालून एकमेकांशी बोलायचं. दवाखान्यातून आली की ती तासभर त्यात. मी म्हणायचो, "लग्नाची पोरगी तू, बंदुका काय चालवून राहिली वं?" ती हसायची. चांगलं खेळायची म्हणे. मला काय कळतंय त्यातलं, मला तर पडद्यावर नुसती पळापळ दिसायची.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती हेडफोन काढून माझ्यासमोर येऊन बसली. तोंड लाल झालेलं. म्हणाली, "मामा, एक जण बहुत घाण बोलते. मी मुलगी आहो हे कळलं तेव्हापासून पिच्छाच सोडत नाही. दोन महिने झाले."

मी चहात टोस्ट बुडवत होतो. न पाहताच म्हणालो, "मंग खेळते काहून?"

ती उठून गेली. पुन्हा तो विषय तिनं माझ्याकडे काढला नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, अक्कल आली.

एका रविवारी उमरेडचे पाहुणे धरमपेठेत माझ्या घरी आले. तर्री-पोहे झाले, चहा झाला. मुलगा वाकून पाया पडला. प्रत्येक वाक्याला "हो जी मामाजी", "नाही जी आत्याबाई". सासूला म्हणतात तसं आत्याबाई ऐकून बहिणीचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू! मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. दहा मिनिटांनी खाली आले तेव्हा भाची पांढरीफटक पडली होती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मुलाचे वडील दारात चपला घालता घालता म्हणाले, "आमच्याकडून हो समजा." बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. मी पेढ्याचा डबा घेऊन भाचीकडे गेलो.

"मामा, थोच आहे," ती म्हणाली.

"थोच म्हणजे कोण?"

मग तिनं सांगितलं. गच्चीवर तो हसला आणि खेळात रोज ऐकलेल्या त्या हसण्यावरून तिला शंका आली. तिनं विचारलं, गेम खेळता का? त्यानं मोठ्या ऐटीत खेळातलं आपलं नाव सांगितलं. नाव तेच. त्याचं बोलणं तिनं मोबाइलमध्ये साठवून ठेवलेलं होतं. तिनं हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

आवाज तोच, तासाभरापूर्वी "मामाजी" म्हणणारा. सुरुवात "जा, पोळ्या लाट" अशी. मग तिच्या आईवर, म्हणजे माझ्या बहिणीवर. मग तिच्या अंगाचं काय काय केलं पाहिजे ते. हे बोलताना मधेच तो काहीतरी कुरुमकुरुम खात होता. टोळीतले बाकीचे दोघं खिदळत होते. मी तीस वर्षं शाळेत पोरं हाकली, नागपूरच्या चौकाचौकात शिव्या ऐकल्या. पण त्या शिव्या रागाच्या. हा अगदी मजेत होता, शेंगा सोलाव्यात तसा. थू! कान साबणानं धुवावेत असं वाटलं.

बहिणीला सांगितलं. ती रडकुंडीला आली, पण म्हणाली, "खेळातलं बोलणं थे, दादा. लग्न झालं की सुधरते." आणि भाचीकडे वळून, "तू तरी खेळत होती काहून वं?"

माझंच वाक्य! तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग बहिणीवरची नव्हती.

आमच्यात स्थळ नाकारताना कारण सांगत नाहीत. मुलीला पुढं शिकायचं आहे म्हणतात, समोरचाही समजून घेतो. मी म्हटलं, हट्, आज नाही! मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि स्पष्ट सांगितलं की तुमचा मुलगा मुलींशी घाण बोलतो, संबंध नको.

"काय घाण बोलला? सांगा ना गुरुजी."

मी तोंड उघडलं. पोळ्या लाट इथपर्यंत आलो. पुढचा शब्द काही केल्या जिभेवर येईना. समोर बहीण बसलेली, भाची उभी.

"खोटा आळ घेऊन राहिले तुम्ही," ते तापून म्हणाले.

भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला. रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवावा तशा आवाजात तिनं मुलाचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एकही शब्द गाळला नाही. बहिणीनं तोंडावर पदर घेतला.

"दोन महिने रोज ऐकलं जी मी हे," भाची म्हणाली. "मामाले सांगितलंबी होतं."

मग तिनं फोन माझ्या हातात परत दिला. तो अजून चालूच होता.