अक्काची दोन मिनिटे

तोंड धुतल्याशिवाय अक्का कुणाशी बोलत नसे. आणि तोंड धुतल्यावर थांबत नसे. पहिला नियम आमच्या कुळाचा, दुसरा तिचा स्वतःचा. बोलण्याची घाई एवढी, की कॉफीचे दूध वर येण्याच्या आत तिचे दात घासणे उरकलेले असे.

अक्का माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती कुंभकोणम्‌ला माझ्याकडे राहू लागली. मीही एकटाच होतो. पानाचा डबा आणि स्वतःचे दात, या दोन गोष्टींना ती जपे. पैकी डब्याला अधिक. कवळीचा तिला तिटकारा होता. “दुसऱ्याचे दात घालून तुझ्याशी भांडूं कशी?” असे विचारी.

महामहम् तळ्याजवळच्या दंतवैद्य बाईंनी तिच्या हिरड्या तपासल्या. घासणे सुधारले नाही तर खालचे डावे दात काढावे लागतील, तीन महिन्यांनी या, असे सांगितले. परतताना ऑटोत अक्का एक शब्द बोलली नाही. ऑटोवाला आमचा नेहमीचा, अक्काला पाट्टी म्हणजे आजी म्हणणारा. त्याने हळूच मला विचारले, “पाट्टीला बरे नाही का?”

चेन्नईहून माझ्या मुलीने, सुमतीने, एक ब्रश पाठवला. हातानेच घासायचा, साधा. मात्र दांड्याच्या टोकाला एक रबरी टोपी होती. कुठे घासले, किती वेळ घासले, ते ती फोनला कळवी. अक्काचा फोन बटणांचा, म्हणून ॲप माझ्या फोनवर आले. सुमतीलाही तिकडे सारे दिसे. रोज सकाळी मी फोन धरून अक्कासमोर उभा राही. दोन मिनिटे भरेपर्यंत तिची सुटका नसे. तेवढा वेळ ती मला डोळ्यांनी बोल लावी. घरातील ती शांतता मला आवडत असे. तसे मी सांगितले नाही.

फोनवरील दातांच्या चित्रात खालची डावी बाजू रोज तांबडी राही.

“तिथे ब्रश का जात नाही?”

“तिथं विडा बसतो रे. बसल्या पाहुण्यास उठवूं?”

“पाहुणा घर पाडतो आहे.”

दुसऱ्या दिवशी ती बाजू हिरवी झाली. पुढे दुपारचा विडाही बंद झाला.

अडचण आली एकादशीला. त्या दिवशी आमच्याकडे दातांना ब्रश लावीत नाहीत. बारा चुळा भरतात. ॲपला हे ठाऊक नव्हते. सलग दिवसांची माळ तुटली आणि पडद्यावर एक रडका दात उमटला. लगेच सुमतीचा फोन.

“आत्या, आज घासले नाहीस?”

“एकादशी ग! तुझ्या यंत्रास पंचांग शिकव.”

ब्रश नुसता हवेत हलव, फोनला काय कळते, असे मी सुचवले.

“पो डा, चल जा! फसवूं कुणास? फोनाचे दात पडणार आहेत का?”

द्वादशीला मात्र दोन मिनिटे संपली तरी तिचा हात थांबेना. पारण्याची वेळ टळेल म्हणून अखेर मीच ओरडलो.

तीन महिन्यांनी दंतवैद्य बाईंनी एकेक दात हलवून पाहिला. “राहू द्या, पाट्टी. सगळे राहू द्या.” घर येईपर्यंत अक्का ऑटोत अखंड बोलत होती. ऑटोवाल्याने मला काही विचारले नाही.

गेल्या माघात अक्का गेली, स्वतःच्या दातांनिशी. आदल्या संध्याकाळी कॉफी पातळ झाली म्हणून माझ्याशी भांडली होती. एकेक उच्चार स्पष्ट होता.

ती टोपी आता माझ्या ब्रशाला आहे. दोन मिनिटे मी पुरी करतो. शांतता त्यानंतरही संपत नाही. एकादशीला बारा चुळा भरतो. पडद्यावर रडका दात येतो आणि कारण ठाऊक असूनही सुमती फोन करते.

“बाबा, आज घासले नाहीत?”

“तुझ्या यंत्रास पंचांग शिकव,” मी सांगतो.