फिरत्या वहीतले कापलेले पान

वाचनालयातील स्नेह्यांनो, आपली ही फिरती वही विश्वासाची राहिलेली नाही, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे.

जांभळाची तांबडी दारू मुरवणाऱ्या तीन घरांना रविवारी भेट देण्याचा बेत मी याच वहीत नावांसह, क्रमवार लिहिला होता.

आज सकाळी बेत कळवायला वलवणपुढच्या वाडीत गेलो. पहिल्या घरची मावशी आपले रांजण स्वतःच फोडत होती. अंगण लाल झाले होते.

"काल दोन परके आलते, आबा. गिऱ्हाईक म्हनं! पायात सरकारी बूट."

"आणखी कुठे गेले?"

"आदी हितं, मग टेकावर, मग वढ्याकडं. आमच्यात 'जांभळं मुरली का' एवढंच इचारत्यात, नाव कुनी घेत न्हाई. त्यांनी माजं नाव घेतलं. तुमी लिवलं व्हतं व्हय?"

क्रम माझाच होता. परतून वही उघडली, तर ते पान पात्याने सरळ कापलेले. वही आपल्या पाच जणांतच फिरते.

उद्या आबकारीवाल्यांनी मावशीला नेले, तर पुरावा माझे अक्षर असेल. पान कोणाकडे आहे?

जे नाव तोंडाने घ्यायचे नसते, ते मी शाईने लिहिले. ही चूक माझी.

— त्रिंबक गोविंद