काट्यावरचे साठ किलो

“केबिनमधी कुणाला लपवलंस रे? उतरव त्याला खाली!” वजनकाट्याच्या खिडकीतून सलीमभाई ओरडून राहिले होते. मी काट्याच्या बाहेर उभा. दुपारचे दोन, हिंगोलीचं ऊन... आणि गाडीत चिटपाखरूही नाही.

आधीच सांगतो, मी थापाड्या म्हणून तीन तालुक्यांत नावाजलेला माणूस. माझ्या एका शिंकेनं हळदीची चाळीस पोती उडाली, ही बातमी मीच पसरवलेली. ढाब्याढाब्यावर इतकी भुतं उभी केली, की स्वतः एकावरही विश्वास ठेवला नाही. तेव्हा हे वाचून खुशाल हसा.

हळद भरायच्या आधी रिकामा ट्रक काट्यावर घेतात, आणि ते वजन भरलेल्या ट्रकच्या वजनातून वजा करतात. ड्रायव्हरनं उतरायचं. आत कुणी लपला, तर तेवढ्या वजनाची हळद व्यापाऱ्याला फुकट. जुनी चाल. मीही एकदोनदा... जाऊ द्या. त्या दिवशी मात्र मी साफ होतो. माझ्या गाडीचं वजन सलीमभाईंना तोंडपाठ, आणि आकडा साठ किलो जास्त.

त्यांनी सीटखाली बघितलं. स्टेपनी, जॅक, ताडपत्री, सगळं उतरवलं. तितकं वजन घटलं, पण वरचे साठ तसेच. शेवटी समोरच्या काचेवर ऊन अडवायची फळी असते, तिच्यामागं माझा हात गेला. गोळ्यांची स्ट्रिप. झोप उडवायच्या गोळ्या. ती खिशात घालून उतरलो... काटा बराबर. परत ठेवली... साठ जास्त. सलीमभाईंनी स्वतःच्या हातानं ठेवून बघितली. साठ.

“काय हाय हे?”

“डोकेदुखीची गोळी,” मी म्हणालो.

पुढं त्यांनी काटा तपासून घेतला. त्यात काही दोष निघाला नाही.

स्ट्रिपमधल्या चार गोळ्या गेलेल्या होत्या. त्या दिगूनं खाल्लेल्या. दिगू म्हणजे आखाडा बाळापूरचा माझा दोस्त, दुसऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावरून मी गोळ्या आणायचो, माझ्याच गाडीत ठेवायचो आणि लागेल तशा त्याला द्यायचो. सहा महिने. मी स्वतः एकदाच खाल्ली होती. डांबरी रस्ता पाण्यासारखा वाहताना दिसला, तेव्हापासून हात लावला नाही. हे दिगूला सांगितलं का? नाही. उलट म्हणालो, “काहून भेतो? मी हिच्यावर पापणी न लवता दिल्लीला जाऊन आलो.” मी अकोल्याच्या पुढं कधी गेलेलो नाही.

भर दुपारी, सरळ रस्त्यावर, दिगूनं उभ्या ट्रॉलीत गाडी घातली. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. ट्रॉलीचं चाक बदलणाऱ्या माणसाचा पाय गेला. दिगू जागेवर गेला. लोक म्हणाले, डुलकी लागली. मी मयतीत सगळ्यांसमोर गळा काढला, “लाख डाव म्हणलं होतं त्याला, झोपून घे म्हणून.”

काट्यावरून आल्यावर मी एक हिशेब केला. दिगू त्याच काट्यावर उभा राहून मिरवायचा, सत्तर किलो भरायचा. आणि जास्तीचे होते साठ. दहा कमी. म्हणजे तो दिगू नव्हे. या दहा किलोंवर मी आठ दिवस निवांत झोपलो. नवव्या दिवशी झोप लागेना. गोळी न खाता.

बाळापूरला गेलो. दिगूची बायको, वहिनी, ओसरीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मीठमिरची न लावता बोललो. गोळ्या मीच द्यायचो, दिल्लीची थाप, मयतीतलं खोटं, काटा, सगळं. मग स्वतःच्या सुटकेसाठी म्हणालो, “पण वहिनी, दिगू तर सत्तरचा होता. मग साठ कसं काय?”

त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

“शेवटी साठच भरायले होते ते, भाऊजी. गोळ्यांनी भूकच मेली होती त्यांची.”