दोनशे बारा नंबरची फाइल

आमच्या हेमराज वकीलसाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पक्षकाराचं नाव ते कधी घेत नाहीत, पण गाव सांगतात, धंदा सांगतात, घराचा रंगही सांगतात. नाव तेवढं ऐकणारा स्वतःच घेतो. तरी वर्ध्यातले लोक आपल्या घरातली भांडणं घेऊन आमच्याच ऑफिसात येतात, ते नत्थूजींकडे पाहून.

नत्थूजी थूल आमचे मुन्शी. कोर्टात तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, फायली सांभाळायच्या. आंजीहून सायकलनं यायचे तेव्हापासून ते इथे आहेत. आता नालवाडीत दोन खोल्यांचं घर आहे. त्यांच्या कपाटातल्या सगळ्या फायली भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. नाव आत, कोरी बाजू बाहेर. समोरच्या खुर्चीवर बसलेल्याला दुसऱ्या कोणाचं काय चाललंय ते वाचता येऊ नये म्हणून. कुठली फाइल कुठे, हे फक्त त्यांच्या डोक्यात. लग्नात पक्षकार समोर आला तर ते ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मी नवीन असताना मला हा माणूस घमेंडी वाटला होता. एकदा तोंडावर विचारलंच.

"मॅडम," ते म्हणाले, "वकिलाचा मुन्शी नमस्कार करून राह्यला म्हणजे लोक इचारते, याचं कोर्टात काय चालू हाय?"

मी वर्षाली, साहेबांच्या हाताखालची वकील. या ऑफिसात सहा वर्षं झाली. माझी जीभ चालते आणि डोकं लवकर तापतं, हे मला माहीत आहे; पुन्हा सांगायची गरज नाही.

नत्थूजींचा मुलगा मी पाहिला नाही. अश्वजित त्याचं नाव. सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर वजन लिहायला होता. बारा वर्षांपूर्वी संध्याकाळी मोटारसायकलनं घरी येत असताना रस्त्यात दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला आणि जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता. चौथ्या दिवशी नत्थूजी कोर्टात तारखा घ्यायला हजर होते, असं जुने लोक सांगतात. तेव्हापासून ते असेच आहेत म्हणे. रडत नाहीत, चिडत नाहीत, हसायच्या जागी मान हलवतात. डबा खाऊन झाल्यावर भाजी कसली होती विचारलं, तर झाकण उघडून बघतात. त्यांच्याकडे पाहून मला कधी दया यायची, आणि खरं सांगते, कधी नुसता राग यायचा.

गेल्या वर्षी खासगी माहितीच्या कायद्याचा बोलबाला झाला. आम्ही ज्या बँकेचं काम करतो तिनं चार पानी प्रश्नावली पाठवली. लोकांचे कागद कुठे ठेवता? किल्ली कोणाकडे? काम संपल्यावर त्या कागदांचं काय करता? साहेबांनी प्रश्नावली माझ्याकडे ढकलली. माळ्यावर पाहिलं तर चाळीस वर्षांची आधारकार्डं, सात-बारे, मृत्युपत्रं, दवाखान्याचे रिपोर्ट, घटस्फोटाच्या कागदांतले फोटो. कोणाच्या बायकोनं कोणाला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा. माणसं विसरून गेली होती आणि त्यांचं सगळं आमच्याकडे पडून होतं.

मी नियम लिहिले. निकाल लागून आठ वर्षं झालेल्या प्रत्येक फाइलच्या पक्षकाराला पोचपावतीसह पत्र जाईल. तीस एप्रिलपर्यंत येऊन मूळ कागद घेऊन जा. आला नाही, तर एक मे झाल्यावर नागपूरहून मशीन येईल आणि फाइल कातरली जाईल. साहेबांनी सही केली. नत्थूजींनी पूर्ण वाचून एकच नियम वाढवायला सांगितला.

"ओळखीचा असो का घरचा असो, ओळखपत्र पाहूनच कागद द्यायचे. आन् नातं त्याच्याच तोंडून घ्यायचं. आपण लिहायचं नाई."

"घरच्यालाही?"

"घरचा हाय म्हणूनच एकदा मी दिले होते, मॅडम. एका बाईचे कागद तिच्या भावाले. मी वळखत होतो त्याले. बाई सहा महिन्यांनी आली, तं तिच्या वाट्याचं वावर गेलतं."

नियम लागला. यादी नत्थूजींनीच केली. सगळ्या फायलींची, एका रांगेत, सुबक अक्षरात. मी सही करत चालले होते, आणि दोनशे बारा नंबरवर पेन थांबलं. अपघात दावा. मयत: अश्वजित नत्थू थूल. अर्जदार एक: नत्थू तानबा थूल, वडील. अर्जदार दोन: सुलोचना नत्थू थूल, आई.

"नत्थूजी, ही फाइल आजच घरी घेऊन जा ना."

"नियमानं होईन, मॅडम."

त्यांनी बाकीच्यांसारखं पत्र टाइप केलं, पाकिटावर नालवाडीचा पत्ता घातला आणि दुपारी पोस्टात टाकून आले. स्वतःच्या घराचं पत्र! मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या फाइलमध्ये काय होतं ते मला साहेबांकडून कळलं. (त्यांच्याकडून सगळंच कळतं.) दाव्यासाठी कागद लागतील म्हणून नत्थूजींनी तेव्हा घरातलं अश्वजितचं सगळं गोळा करून आणलं होतं. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, गाडीचा परवाना, कॉलेजचं ओळखपत्र, पासपोर्ट फोटोंची आख्खी पाकीटं. जिनिंगवाल्यांनी तो तिथे कामाला होता हे दाखवायला त्याच्या हातचे कागद दिले, तेही त्यात. घरी भिंतीवर एक फोटो तेवढा राहिला. निकालानंतर कागद परत न्यायचे होते. नत्थूजींनी नेले नाहीत. घरी सुलोचनाबाईंनी एकदा विचारलं तेव्हा "फाइलमधी हाय" म्हणाले, आणि पुढे तो विषय घरात निघाला नाही. आठ वर्षं ती फाइल त्यांच्या स्टुलापासून दोन हातांवर, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

दहा दिवसांनी पोचपावती आली. सुलोचनाबाईंची सही होती. नत्थूजींनी ती रजिस्टरला चिकटवली.

"घरी काही बोलल्या?"

"पत्र टीव्हीवर ठेवलं हाय."

"तुम्ही काही बोलले?"

"नाई."

पंधरा तारीख गेली, वीस गेली. बाकीचे पक्षकार येत होते, ओळखपत्र दाखवत होते, कागद मोजून नेत होते. एका म्हाताऱ्याला त्याचा मॅट्रिकचा दाखला मिळाला तर तो तिथेच बसून चष्मा पुसत राहिला. दोनशे बारापुढचा रकाना कोराच होता. पंचवीस तारखेला मला राहवलं नाही. नत्थूजी कोर्टात गेलेले पाहून मी कपाट उघडलं, अंदाजानं चार फायली काढल्या, पाचवी ती निघाली, आणि माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली. मी उघडली नाही. शपथेवर सांगते.

ते परत आले. कपाटाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, दोनशे बारा द्या."

"ही कातरायला जाणार नाही, नत्थूजी. मी जाऊ देणार नाही."

"एकाले एक नियम आन् मले दुसरा काऊन?"

"मग काऊन नाई नेत घरी?" मी ओरडलेच. बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले. "एक पोरगा होता तुमचा! त्याची शाळेची पाटी असती तरी लोकांनी जपून ठेवली असती. तुम्ही मशीनमध्ये घालून राह्यले!"

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "नेली तं उघडा लागन," ते म्हणाले. "आतापर्यंत बंद हाय म्हणून मी काम करून राह्यलो." आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. फाइल जागेवर गेली, भिंतीकडे तोंड करून.

तीस तारखेला दुपारी साडेतीनला दारात ऑटो थांबला. उतरल्या त्या सुलोचनाबाई. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर उन्हासाठी पदर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पत्र आणि आधारकार्ड. त्या सरळ नत्थूजींच्या टेबलासमोर येऊन खुर्चीवर बसल्या आणि पत्र पुढे केलं.

नत्थूजींनी पत्र वाचलं. रजिस्टर उघडलं.

"नाव सांगा."

साहेबसुद्धा हातातला कागद ठेवून बघायला लागले. या माणसानं बायकोला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं असेल.

"सुलोचना नत्थू थूल."

"ओळखपत्र." त्यांनी कार्डावरचा फोटो पाहिला, मग चेहरा पाहिला, परत फोटो पाहिला. नियमानं पाहतात तसंच. "मयताशी नातं?"

"आई," सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. तयारी करून आल्या असाव्यात.

नत्थूजींनी लिहिलं. उठून फाइल काढली, नाडा सोडला, आणि नियमाप्रमाणे एकेक कागद मोठ्यानं सांगून समोर ठेवू लागले. "शाळा सोडल्याचा दाखला, एक. गुणपत्रिका, तीन. वाहन परवाना, एक. फोटो, अकरा." सुलोचनाबाई प्रत्येक कागदावर हात ठेवून तो आपल्याकडे सरकवत होत्या. "रजेचा अर्ज, एक."

"कसला अर्ज?"

"जिनिंगचा. सुट्टीचा."

"वाचा."

नत्थूजींनी वाचला. तारखा सांगतात त्या आवाजात. "महोदय, माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन सेवाग्राम येथे असल्याने मला शुक्रवार व शनिवार अशी दोन दिवस रजा मिळावी. आपला नम्र, अश्वजित थूल. खाली मंजूर. तारीख..." तारीख त्यांनी वाचली नाही. तो गेला तोच दिवस होता.

"मले तं म्हणे, सुट्टी भेटत नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी चिडली होती त्याच्यावर. सकाळी बोलली नाई. डबा नुसता हातात देल्ला." त्यांनी अर्ज घेतला, चष्म्याजवळ नेला आणि बराच वेळ त्याचं अक्षर पाहत राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. "याले घेऊन जाते मी. कुठं सही करू?"

"इथं."

त्यांनी सही केली. मग रजिस्टरवर बोट ठेवलं. "दुसऱ्या सहीची जागा खाली काऊन?"

"अर्जदार दोघं हाय. दोघाच्याही सह्या पायजे. नाई तं कागद देता येत नाई."

"मंग बोलवा त्याले."

नत्थूजींनी पेनाला टोपण लावलं. कूलरचं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज बदलला. घड्याळात चारला दहा कमी होते आणि उद्यापासून सुट्टी. ते उठले. टेबलाला वळसा घालून पलीकडे आले, सुलोचनाबाईंच्या शेजारची पक्षकाराची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. तीस वर्षांत त्या खुर्चीवर ते कधी बसले नव्हते. खिशातून आधारकार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, या इकडं. तपासा."

मी त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले. कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला. नाव लिहिलं. पुढचा रकाना मला माहीत होता. मी भरूही लागले होते.

"तुम्ही नोका लिहू," ते म्हणाले. "इचारा."

"मयताशी नातं?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावरचं कार्ड सरळ केलं. सुलोचनाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. अर्जाची घडी घालत होत्या. नत्थूजींची हनुवटी थरथरायला लागली, मग खांदे, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ते सगळ्यांसमोर हमसून रडायला लागले. मी पेन धरून थांबले. घाई केली नाही.

"बाप," ते म्हणाले.

मी लिहिलं.