मेहुण्याचा क्लब आणि माझं इंग्रजी

माझ्या मेहुण्याचा फुटबॉल क्लब एका परदेशी सरकारच्या घशात गेला, तो माझ्या इंग्रजीमुळे.

डोंबिवलीच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझी बायको सुनंदा कोलशेतची. तिच्या वडिलांची खाडीकाठी मिठागरं होती. मिठागरं गेली, एक तुकडा राहिला. तिच्या भावाने, बळीरामने, त्यावर भराव टाकून मैदान केलं, गावातली पोरं जमवून क्लब काढला आणि वीस वर्षं खपून तो राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीत नेला. पगारी खेळाडू, टीव्हीवर सामने, सगळं.

नेमकं तेव्हाच आमच्या मंत्रीसाहेबांना फुटबॉलचा पान्हा फुटला. आधी ते उद्घाटनाला आले. मग समितीवर त्यांचा माणूस आला. मग त्यांचा भाचा सेंटर फॉरवर्ड म्हणून आला. हा भाचा धावत नसे. चेंडू अपॉइंटमेंट घेऊन आपल्याला भेटायला येईल, अशा बेताने तो उभा असायचा. बळीरामने त्याला बाकावर बसवलं, तर पुढच्या सामन्याला पोलिसांची परवानगी आली नाही. पुन्हा बसवलं, तर मैदानाचं पाणी तोडलं. तिसऱ्यांदा बळीरामने मुकाट त्याला खेळवलं आणि त्याने पेनल्टी अशी मारली की चेंडू कॉर्नरच्या झेंड्याला लागला. (गोलकीपरही वळून बघत राहिला.)

"दाजी, आपल्याच मैदानावर मना भाड्याचा मानूस केलाय," बळीराम म्हणाला.

अशात एक परदेशी कंपनी क्लब विकत घ्यायला आली. तिचा टायवाला प्रतिनिधी भलताच गोड बोलायचा. बळीरामला क्लब विकायचा नव्हता, पण मंत्र्याच्या तावडीतून तरी सुटेल, असं त्याला वाटलं. चौऱ्याऐंशी पानांचा करार त्याने माझ्यापुढे ठेवला.

"मना इंग्रजी नाय कलत. तुमी वाचा. तुमी बोलाल तिथं सही."

मी दोन दुपारी बसून वाचला. लाल पेनाने स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या. (कंपनीने त्या दुरुस्त करून माझे आभार मानले. मला वाटलं, किती सभ्य माणसं.) कंपनीमागे जो फंड होता, त्याच्या नावात 'सॉव्हरिन' असा शब्द होता. मी चष्मा पुसून अर्थ सांगितला, "सॉव्हरिन म्हणजे सार्वभौम. कुणाच्या बापाचं न ऐकणारे. मंत्र्याला वठणीवर आणायला हेच लोक पाहिजेत."

"कुणाचंच नाही म्हणजे आपलंही नाही ऐकणार ना?" सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो.

बळीरामने सही केली.

सॉव्हरिन फंड म्हणजे सरकारची स्वतःची तिजोरी असते, हे मला आठवडाभराने वर्तमानपत्रात कळलं. त्या सरकारविरुद्ध लिहिणारे लोक तुरुंगात आहेत, हेही त्याच बातमीत होतं. आणि शेजारी फोटो होता: आमचे मंत्रीसाहेब विमानाने तिकडे जाऊन नव्या मालकांना कडकडून मिठी मारताहेत. एका सरकारपासून जीव वाचवायला आम्ही दुसऱ्या सरकारच्या दारात गेलो होतो, आणि ती दोघं निघाली जिगरी दोस्त. मी पेपर असा आपटला की चहा भिंतीवर गेला.

महिन्याभरात क्लबच्या नावातून 'कोलशेत' गेलं. नव्या मालकांना ते उच्चारायला जड जायचं म्हणे. गावातल्या पाच खेळाडूंना काढलं. भाचा कॅप्टन झाला. बळीराम मैदानावर गेला तर फाटकावर नवा वॉचमन.

"पास दाखवा."

"अरे, माज्या बापाची जागा हाय ही."

"मग बापाचा पास दाखवा."

तिथून तो थेट आमच्याकडे डोंबिवलीला आला. मी म्हणालो, "बळीराम, मला शिव्या दे."

"तुमी मास्तर मानूस. तुमाला कं शिव्या द्यायच्या?"

शिव्या परवडल्या असत्या. माझं डोकं असं फिरलं की मी त्याच दिवशी निषेध जाहीर केला. नव्या मालकांच्या पहिल्या सामन्याला सगळ्यांनी तिकिटं काढून काळे कपडे घालून बसायचं. कोलशेतची चाळीसेक माणसं तयार झाली. सुनंदाने संक्रांतीची काळी साडी काढली. बळीराम "नको" म्हणत होता, त्याला मी काळा सदरा घालून हाताला धरून नेलं.

आम्ही गॅलरीत एकगठ्ठा बसलो. बँड वाजला आणि संघ मैदानात आला.

काळ्या जर्सीत.

नव्या मालकांनी रंग बदलला होता आणि तो गुप्त ठेवला होता. लाउडस्पीकरवर घोषणा झाली की क्लबच्या नव्या रंगात आलेल्या या पहिल्या चाहत्यांचं जोरदार स्वागत करू या. मी उठून, मूठ वर करून, जिवाच्या आकांताने "चोर, चोर" ओरडलो. बँड इतका मोठा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. भाच्याने आमच्याकडे बघून हात हलवला. नव्या मालकांचा परदेशी साहेब स्वतः वर आला आणि त्याने माझ्या गळ्यात क्लबचा मफलर घातला.

"दाजी," बळीराम शांतपणे म्हणाला, "आता खाली बसा."

क्लब परत मिळाला नाही. वकिलाने करार वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि "मराठी कुणी करून सांगितलं होतं?" एवढंच विचारलं. त्या पाच खेळाडूंना घेऊन बळीराम आता ठाकुर्लीला एका मोकळ्या प्लॉटवर खेळतो. तिथे कागद नाही, सही नाही, आणि मला फक्त चेंडू आणून द्यायची परवानगी आहे.

कापूरबावडीला मात्र क्लबचं भलंमोठं होर्डिंग लागलंय. डावीकडे मंत्रीसाहेब, उजवीकडे परदेशी साहेब आणि मधोमध मी, मूठ वर, तोंड उघडं. खाली लिहिलंय, 'हाच तो जल्लोष'. ते काढा म्हणून मी तीन संतप्त पत्रं लिहिली आहेत. माझा राग रतीभर कमी झालेला नाही. गेल्या गुरुवारी तिथून जाताना मी रिक्षावाल्याला "जरा हळू घ्या" म्हणालो आणि सुनंदाला गुडघ्याचं कारण सांगितलं. पण खरं सांगायचं, तर इतक्या वर्षांत माझा एवढा मोठा फोटो कुणी लावला नव्हता. आणि आलाय बरा.